आईच्या उजव्या पायाचं मुखत्यारपत्र

बँकेतून निवृत्त झाल्यावर काय करायचं, हे मी आधी ठरवून ठेवलं नव्हतं. त्यामुळे दुसऱ्याच महिन्यात मी मुरारला, एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, पंधरा दिवसांच्या रिफ्लेक्सॉलॉजीच्या वर्गात जाऊन बसले. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. तिथून मुरारपर्यंत टेंपो. मांडीवर झोळी, झोळीत वही, एक लाकडी दांडी आणि खोबरेल तेलाची बाटली. शेजारच्या बायका विचारायच्या, "कहाँ चलीं दीदी?" मी सांगायची, "पैर दबाना सीखने." त्यावर त्या माझ्या नवऱ्याकडे आदराने बघायला लागल्या. त्याला बिचाऱ्याला काही कळेना.

वर्गात एक प्लास्टिकचं पाऊल होतं आणि त्याच्यावर अख्खा माणूस रंगवलेला होता. अंगठ्यात मेंदू, चवड्यात फुप्फुसं, मध्ये जठर, टाचेत कंबर आणि घोट्याभोवती हिरव्या रंगात लसिकांचं, म्हणजे अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचं, जाळं. शिकवणाऱ्या मॅडम म्हणायच्या, "पूरा शरीर यहीं है, बाकी सब तो ऊपर का सामान है." मला हे इतकं पटलं की घरी येऊन मी नवऱ्याला पलंगावर आडवा पाडला आणि त्याच्या जठराचा बिंदू दांडीने सात मिनिटं दाबला. मग विचारलं, "काय वाटतंय?" तो म्हणाला, "कचोरी खावीशी वाटते." मी वहीत लिहिलं, भूक सुधारली. ती त्याला आधीही रोज लागायची, हे मला नंतर सुचलं.

हा सगळा खटाटोप खरं तर आईसाठी होता. बाबा गेल्यापासून आई आमच्याकडे राहते. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या पायात जंतुसंसर्ग झाला, ताप आला, ताप उतरला, पण पायाची सूज राहिली ती राहिलीच. घोटा दिसेनासा झाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की अंगातलं पाणी वर नेणाऱ्या ज्या बारीक नळ्या असतात, त्या या पायात दमल्या आहेत. पाय उशीवर उंच ठेवा, रोज धुवा, बोटांच्या बेचक्यांत ओल राहू देऊ नका, आणि कुणाकडून तरी हलक्या हाताने खालून वर मालिश करून घ्या. यातलं ओलीचं तेवढं आईने पाठ केलं. मालिश मात्र कुणाकडूनही करून घेतली नाही.

आणि पाय तर तिला हवा होता. आमच्या महिला भजनी मंडळात आई चाळीस वर्षं पायपेटी वाजवते आहे. पायपेटी म्हणजे खुर्चीवर बसून, खाली दोन पायांनी आळीपाळीने भाता हलवत वाजवायची मोठी पेटी. आता ती वाजवणारी मंडळात दुसरी कुणी नाही. सूज वाढल्यापासून आईचा घोटा वाकेना, उजवीकडचा भाता दबेना आणि पेटी मध्येच धाप लागल्यासारखी करायची. मंडळातल्या एका काकूंनी मग कीबोर्ड आणला. त्यात बटण दाबलं की तबलाही वाजतो, बासरीही वाजते, आणि एकदा चुकून भलतंच बटण दाबलं गेल्यावर ऐन भजनात कुत्राही भुंकला होता. काकू माणूस म्हणून चांगल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "दत्तजयंतीला बघू. जमलं तर पेटी, नाही तर कीबोर्ड आहेच. पेटी मग कुणाला तरी देऊन टाकू, जागा फार अडवते." आई घरी आली आणि त्या दिवशी जेवली नाही. दत्तजयंतीला तीन आठवडे होते.

मी दांडी आणि तेल घेऊन तिच्यासमोर पाट मांडला. "पाय दे."

आईने दोन्ही पाय साडीत ओढून घेतले. "बिल्कुल नाही. तू लेक आहेस."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. आमची माणसं दक्षिणेतून इकडे येऊन कैक पिढ्या झाल्या. गणपती, पुरणपोळी, नऊवारी, सगळं सांभाळलं. पण आजूबाजूच्यांच्या चालीही घरात शिरल्या. इकडे लेक म्हणजे देवी. तिने आईबापांच्या पाया पडायचं नाही, उलट आईबापांनीच तिच्या पायांना हात लावायचा. पाय दाबायचे ते सुनेने. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आमच्याकडे राहायला आली तेव्हा आईने स्वतःचा माठ बरोबर आणला होता. तो आमच्याच नळावर भरते आणि म्हणते, "पाणी नगरपालिकेचं आहे, लेकीचं थोडंच आहे?"

"अगं, पण आपण मराठी ना?" मी म्हटलं. "आपल्यात मुली चेपतात पाय."

"पुण्यात चेपत असतील. मी इथे जन्मले आहे. हे पाप मेरे सर मत डाल."

मी चिडले. मला पटकन राग येतो, हे बँकेत सगळ्यांना माहीत होतं. मी झटकन वाकून तिचा पाय धरला. तशी ती खुर्चीतून उठली आणि त्या सुजलेल्या पायावर वाकून तिने माझ्या पायांना हात लावला, म्हणजे पाप फिटलं. मी पुन्हा धरला, ती पुन्हा वाकली. असं चारदा झालं. पाचव्यांदा दोघींची डोकी एकमेकींवर आपटली. नवरा दारात येऊन म्हणाला, "मी करून बघू का?" जावई आपले पाय धरणार, या विचारानेच आई न्हाणीघरात शिरली आणि आतून कडी लावून तासभर बसली.

सून, म्हणजे माझी वहिनी, पुण्यात असते. तिला नोकरी आहे, तीन आठवडे ती कुठून येणार? पण माझा नवरा कोर्टात कारकून होता आणि पळवाटा त्याला तोंडपाठ. संध्याकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "मालकाला हजर राहता येत नसेल तर तो मुखत्यारपत्र देतो. वहिनींनी तुला मुखत्यारपत्र द्यावं. हात तुझे, पण दाबणाऱ्या त्या."

मी हसले. आई हसली नाही. तिने विचार केला आणि म्हणाली, "लिहून नको, पण समोर दिसली पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी चारला, गजकाच्या, म्हणजे इकडच्या तिळगुळाच्या वड्यांच्या, डब्याला फोन टेकवून, व्हिडिओ कॉल. पुण्यात वहिनी ऑफिसच्या जिन्यात येऊन उभी राहायची. आधी तिला काहीच कळलं नव्हतं. "पण ताईच करतायत तर मी कशाला?" मी डोळे वटारले, तशी ती समजली. रीत अशी ठरली. वहिनी विचारायची, "आई, मी पाय दाबू का?" आई म्हणायची, "दाब गं बाळा." मग मी तेलाचा हात लावायची.

पहिल्याच दिवशी मी लसिकांचा बिंदू सापडला म्हणून दांडी जोरात रोवली आणि आई किंचाळली. फोनमध्ये पाहून म्हणाली, "सूनबाई, हळू!" वहिनी पुण्याहून म्हणाली, "सॉरी आई." दुसऱ्या दिवशी आईला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दांडी बघितली, माझं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्रही बघितलं आणि दांडी टेबलाच्या खणात ठेवून दिली. या सुजेला जोर चालत नाही, म्हणाले. झोपलेल्या मांजरावरून फिरवावा इतका हलका हात, घोट्याकडून गुडघ्याकडे, सावकाश. मग पट्टी. त्या प्लास्टिकच्या पावलावर अख्खा माणूस होता, पण एवढं कुणी सांगितलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

मग तसं सुरू केलं. घोट्याकडून गुडघ्याकडे, वीस मिनिटं. दुसऱ्या, चांगल्या पायाचा तळवा काशाच्या वाटीने तूप लावून घासायचा. तूप काळं व्हायचं. आई म्हणायची उष्णता निघाली, मी म्हणायची विषारी द्रव्यं निघाली, नवरा म्हणायचा वाटीचा रंग निघाला. एकदा नेट अडकलं आणि पडद्यावर वहिनी तोंड उघडं ठेवून थिजली. आईने ताबडतोब पाय ओढून घेतला. "थांब. ती थांबली आहे."

बारा दिवसांनी पट्टी सोडल्यावर घोट्याचं हाड दिसलं. नुसतं टोक, पण दिसलं. आईने त्याच्यावर बोट ठेवून पाहिलं. मग फोनकडे वळून दोन्ही हात उंचावले. "सुखी राहा गं. तुझ्या हाताला यश आहे." वहिनीने जिन्यातून नमस्कार केला.

मी खाली पाटावर बसले होते. माझ्या हाताला कोपरापर्यंत तेल. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "चहा टाक ना." मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आदळली. वय वर्षं साठ, आणि आईने वहिनीला आशीर्वाद दिला म्हणून मला रडू येत होतं. पण येत होतं, त्याला काय करणार? नवरा म्हणाला, "मुखत्याराला आशीर्वाद नसतो." त्याला मी चहा दिला नाही.

दत्तजयंतीला चांगलीच थंडी होती. सभागृह भरलेलं. आपली मंडळी होती, शेजारपाजारच्या हिंदी बोलणाऱ्या बायकाही सुंठवड्याच्या ओढीने आल्या होत्या. आई पायपेटीसमोर खुर्चीवर बसली. पट्टी बांधलेला उजवा पाय भात्यावर ठेवला आणि दाबला. पेटीने छान मोठा श्वास घेतला. शेजारी काकू कीबोर्ड लावून तयार होत्या, न जाणो.

तीन भजनं झाली. आई नुसती वाजवत नव्हती, मिरवत होती. चौथ्यात तिचा घोटा थांबला. मला आधी दिसलं, मग ऐकू आलं. सूर खाली खाली बसायला लागला. आई डाव्या पायाने दुप्पट हाणत होती आणि कपाळावर घाम. काकूंनी हळूच कीबोर्डचं बटण चालू केलं. छोटा लाल दिवा लागला. आईने तो दिवा पाहिला आणि तिचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

मी उठले आणि सगळ्यांसमोर पेटीखाली शिरले. आईचा उजवा पाय उचलून माझ्या मांडीवर घेतला, डॉक्टरांनी सांगितल्यासारखा उंच, आणि तळहाताने भाता दाबायला लागले. सूर वर आला. आईने खाली पाहिलं. तिला पाय ओढून घेता येईना, वाकून माझ्या पायांना हात लावता येईना, कारण दोन्ही हात पेटीवर आणि सभागृहातले सगळे गात होते. ती नुसते डोळे मोठे करून मला "निघ, निघ" म्हणत होती. मी निघाले नाही. चौथं भजन झालं, पाचवं झालं, आरती झाली. दुसऱ्या हाताने मी सवयीने घोट्याकडून गुडघ्याकडे हात फिरवत राहिले. पेटीखाली धूळ इतकी होती की आरतीत मी तीनदा शिंकले.

कार्यक्रम संपल्यावर काकूंनीच कीबोर्ड पिशवीत घातला आणि पेटीवर कापडी खोळ चढवली. "पुढच्या वर्षी मीच बसते खाली," असंही म्हणाल्या. शेजारची एक बाई मात्र गालाला हात लावून उभी होती. "हाय राम, अम्माजी! बिटिया से पैर छुआ लिए?"

आई ताठ उभी राहिली. "पैर कहाँ? वो तो पेटी दबा रही थी. पैर बीच में आ गया."

दुसऱ्या दिवशी चारला मी पाट मांडला, गजकाचा डबा ठेवला, फोन टेकवला आणि वहिनीचा नंबर लावायला गेले.

"राहू दे," आई म्हणाली.

"काय?"

"तिला ऑफिसात कामं असतात. रोज काय जिन्यात उभं करायचं पोरीला?" तिने साडी वर घेतली आणि उजवा पाय माझ्यासमोर आपणहून पुढे केला. "हं. तूच कर."

मी पाय मांडीवर घेतला. तेल लावलं. घोट्याकडून गुडघ्याकडे हात नेला आणि आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. फोनकडे न बघता. मग मला काही आवरेना. टपटप सगळं तिच्या पावलावर.

आईने पाय मागे घेतला नाही. पदराचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आता पूस नीट. बोटांच्या बेचक्यांत ओल राहू द्यायची नाही."