संत्र्याच्या लेबलावरची मोकळी जागा

पटकन विश्वास ठेवणाऱ्यांत माझी गणती कोणी करणार नाही. अकोल्यात मला ओळखणारे उलटच सांगतील – हा माणूस सकाळची यादी केल्याशिवाय चहाला हात लावत नाही, आणि पडवीत पांढरं काही दिसलं असं कोणी म्हणालं तर आधी दोरीवरची धोतरं मोजतो. ते खरं आहे. भूत, चकवा, मुंजा या गोष्टींना माझ्याकडे वेळ नव्हता. आजही मी त्या मानतो असं म्हणवत नाही. पण माझ्या वहीत एक पान असं आहे, की त्यावरच्या एका ओळीपुढे बरोबरची खूण अजून करता आलेली नाही. या मासिकात इतरांचे अनुभव वाचून नाक मुरडायचं आणि आपला मात्र लपवून ठेवायचा, हे बरं नव्हे... म्हणून लिहितो.

माझं दुकान ताजना पेठेत. लेबलं, दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका आणि सिनेमाच्या पडद्यावर दाखवायच्या जाहिरातींच्या काचा मी तयार करतो. मुंबईच्या मासिकांत अशा माणसाला डिझायनर म्हणतात. अकोल्यात पेंटर म्हणतात.

लोकांना वाटतं, कल्पना वरून पडते. माझ्या अनुभवात ती मोकळ्या जागेतून येते. नवशिका कागद भरायला बसतो. मी आधी ठरवतो, की कुठे काही काढायचं नाही. ती जागा नीट सोडली की उरलेलं चित्र आपोआप आपल्या जागी बसतं. फोटोग्राफी मात्र मी कलेच्या ओढीनं नाही, कटकटीला कंटाळून शिकलो. गिऱ्हाइकांना लेबलावर स्वतःचा चेहरा हवा असतो आणि तो हातानं काढला की भांडण ठरलेलं. मिशी अशी नाही, कान एवढे नाहीत. कॅमेऱ्याशी कोणी भांडत नाही. एक जुना लाकडी कॅमेरा, तिवई, काळं फडकं एवढ्यावर माझी निम्मी डोकेदुखी गेली.

चार वर्षांपूर्वी, कार्तिकात, नामदेव माळी दुकानात आला. अमरावतीहून मोर्शीच्या वाटेवर त्याचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ते घर अजून नांदतं आहे.

"पेंटरसाहेब, संत्र्याच्या पेटीवर लावाले लेबल पायजे. माह्या फोटोचं."

"संत्र्याचं चित्र नको?"

"संत्रं तं पेटीत हायेच ना."

मी छापील प्रश्नांचा कागद काढला. प्रत्येक कामाआधी गिऱ्हाइकाला तेच प्रश्न विचारायचे, अशी माझी पद्धत आहे. रंग कोणता, माल कुठे जातो, बगीच्याचं नाव काय, मालक किती.

"एकच," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "म्हंजे... लिहा ना एकच."

मी लिहिलं, आणि पुढे पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह टाकलं.

ठरल्या दिवशी अकोल्याहून गाडीनं बडनेरा, तिथून अमरावती, पुढे मोटार आणि शेवटी नामदेवची बैलांची दमणी. बगीचा खरोखर देखणा होता. काळ्या जमिनीत सरळ रांगा, पाट वाहते, मागे चिरेबंदी विहीर. झाडाखाली संत्र्यांच्या ढिगाशी एक बाई बसली होती. लहान फळ एकीकडे, मोठं दुसरीकडे टाकत होती. कपाळ मोकळं. तिनं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा फळांत हात घातला.

"वैनी हाये," नामदेव हळूच म्हणाला. "सरूवैनी. दादा गेला दोन वर्षं झाली. लेकरू-बाळ नाई. आता जाईन ते तिच्या भावाकडं. हक्क सोडाचा एक कागद कराचा हाये, तिचा अंगठा झाला का मोकळं."

"ही झाडं कोणी लावली?"

"दादानंच. नागपूरहून कलमं आनली व्हती. पानी मातर आमी तिघायनं घातलं." तो घाईघाईनं पुढे म्हणाला, "पन आता माल मीच पाहतो ना. पेटीवर ज्याचं थोबाड, बगीचा त्याचा. व्यापारी बी तेच मानते."

म्हणजे ते लेबल नुसतं लेबल नव्हतं. त्यावर एकटा नामदेव आला, की बाजारात आणि गावातही बगीचा एकट्या नामदेवचा होणार होता, आणि ती बाई अंगठा उठवून भावाच्या दारी जाणार होती. मला हे आवडलं नाही. पण मी लेबलं करतो, पंचायत करत नाही. मी तिवई उभी केली.

न समजणाऱ्यांसाठी सांगतो. अशा कॅमेऱ्याच्या मागे दुधी काच असते. काळ्या फडक्याखाली डोकं घालून त्या काचेवर चित्र पाहायचं, जुळवायचं, मग त्या काचेच्या जागी फोटो उमटणारी काचेची प्लेट सरकवायची आणि लेन्सचं टोपण काढायचं. दुधी काचेवर सगळं उलटं दिसतं, पाय वर, डावं उजवीकडे. पण मधोमध असेल ते उलटं केलं तरी मधोमधच राहतं. माझ्या दुधी काचेवर मी पेन्सिलीनं रेघा आखलेल्या आहेत. नामदेवला मी मधल्या रेघेवर घेतलं आणि दोन प्लेटी काढल्या.

संध्याकाळी अमरावतीला ओळखीच्या फोटोग्राफरच्या डार्करूममध्ये त्या धुतल्या. दोन्हींत नामदेव डावीकडे होता. शेजारी उजवीकडे एक माणूस सहज मावेल एवढी जागा रिकामी.

मला पहिला संशय नामदेवचाच आला. फोटोच्या वेळी अंग चोरणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, या वेळी प्लेट धुवायची औषधं, म्हणजे डेव्हलपर आणि हायपो, आणि लाल कंदील बरोबर घेऊन.

"काल हललात तुम्ही."

"मी? माशी बसली नाकावर तरी हाललो नाई. तुमचंच डबडं हाललं असन."

मी त्याच्या दोन्ही पायांना लागून खुंट्या ठोकल्या. तिवईचे पाय ओल्या मातीत वीतभर रोवले. दुधी काचेवर चित्र पाहिलं, फडक्यातून बाहेर आलो, पुन्हा आत जाऊन पाहिलं. नामदेव मधल्या रेघेवर, विहीर त्याच्या मागे, रेघेलगतच. प्लेट घातली, टोपण काढलं, मोजून बंद केलं. एवढ्या वेळात मी त्याच्या पायांवरून नजर काढली नाही. पाय खुंट्यांना चिकटलेलेच होते.

फळं ठेवायच्या खोलीला घोंगड्या लावून मी तिथेच प्लेट धुतली. नामदेव शेजारी उभा होता. चित्र हळूहळू वर आलं. विहीर जिथल्या तिथे. खुंट्या पायांशी. आणि खुंट्यांसकट नामदेव डावीकडे... आदल्या दिवशी होता तेवढाच.

आता हे कसं शक्य आहे? नामदेव हलला म्हणावं, तर खुंट्याही हलल्या पाहिजेत. लेन्स सरकली म्हणावं, तर विहीरही सरकली पाहिजे. मागचं स्थिर राहून पुढचं तेवढं सरकायला एकच मार्ग आहे – तिवई उचलून हातभर बाजूला ठेवायची आणि कॅमेरा पुन्हा विहिरीकडे वळवायचा. मी पळत तिवईपाशी गेलो. ओल्या मातीत भोकं तीनच होती आणि तिन्हींत पाय रुतलेले होते.

नामदेव माझ्या मागोमाग आला. त्याचा आवाज बदलला होता.

"खरं सांगा, वैनीनं तुमाले काई सांगतलं काय?"

"मी तिच्याशी एक शब्द बोललेलो नाही."

"मंग ते जागा काहून सोडून राहिले तुमी?"

"मी सोडत नाही. मी तर म्हणतो, तेवढा भाग कापून टाकू. कात्रीचं काम आहे, पाच मिनिटांचं."

"कापा मंग."

मी कागदाचा तुकडा आडवा धरून कापून कसं दिसेल ते पाहिलं. चांगलं दिसत होतं. व्यवहार म्हणाल, तर काम तिथेच संपत होतं. पण कारण कळल्याशिवाय मला पुढची ओळ लिहिता येत नाही. म्हटलं, एक चाचणी घेऊ. शेजारी दुसरं माणूस उभं करायचं आणि दोघांतलं अंतर दुधी काचेवर आणि प्लेटवर ताडून पाहायचं. आसपास दुसरं माणूस एकच होतं.

मी सरूबाईंना बोलावलं. त्या उठल्या, पण पुढे आल्या नाहीत.

"मले काहून पायजे फोटोत?"

"नुसतं मोजमाप घ्यायचं आहे. लेबलावर येणार नाही."

"अंगठा तं नाई घ्याचा ना? फोटो म्हनाचं आन् शाई लावाची... मी काई येडी नाई, फोटोवाले."

"माझ्याकडे शाईच नाही, बघा."

त्यांनी खरंच माझी पेटी उघडून पाहिली. डेव्हलपरच्या बाटलीचा वास घेतला. मग नामदेवकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, अंगठा पायजेन तं तोंडानं मांगा. हे असे उद्योग करू नका." नामदेवनं मान खाली घातली.

मी मुद्दाम सांगितलं, कुठेही उभ्या राहा. त्या चालत गेल्या आणि माझ्या बाजूनं पाहिलं तर नामदेवच्या उजवीकडे, तीन हातांवर थांबल्या. तिथेच का, असं मी विचारलं.

"इथून पाट फुटते. पानी फिरवाले मी इथंच तं रायतो उभी. हे तिकडं, भाऊजी थितं." गेलेल्या नवऱ्याला 'हे' म्हणताना त्यांनी विहिरीकडे हात केला.

दुधी काचेवर नामदेव मधल्या रेघेवर होता. सरूबाई अगदी कडेला, त्यांचा हात आणि अर्धा खांदा काचेबाहेर. चाचणीच असल्यामुळे मी काही जुळवलं नाही. मुद्दामच. टोपण काढलं, लावलं, आणि घोंगड्यांमागे गेलो.

या प्लेटवर सरूबाई पूर्ण होत्या. हात, खांदा, लुगड्याचा काठ, सगळं. नामदेव डावीकडे, त्या उजवीकडे, दोघांच्या मध्ये मागे विहीर. मी इतकी वर्षं लेबलं करतो, पण त्याहून नीट बसलेलं चित्र मला जुळवता आलं नसतं. आणि ते मी जुळवलेलं नव्हतं.

दोन्ही प्लेटी सावलीत वाळवल्या आणि एकीवर एक ठेवून उजेडात धरल्या. नामदेवच्या फेट्यावर फेटा, खुंटीवर खुंटी, विहिरीवर विहीर तंतोतंत बसली. जिथे आधीच्या प्लेटवर काही नव्हतं, तिथे सरूबाई उभ्या होत्या. आधीची प्लेट त्यांनी पाहिलेलीही नव्हती. ती जागा किती आणि कुठे आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

नामदेवनं काचा माझ्या हातून घेतल्या. एक सरकवून पाहिली, पुन्हा बसवली.

"हे तुमी करून राहिले का दुसरंच कोनी, मले समजत नाई," तो म्हणाला. "तुमच्यावर माहा भरोसा नाई, पेंटरसाहेब. पन लेबल याचंच करा. दोघायचं नाव लिवा."

"आणि कागद?"

"राहू द्या कागद."

सरूबाईंनी काचा पाहिल्या त्या शेवटी. निगेटिव्हमध्ये चेहरे काळे दिसतात, ते मी समजावून सांगितलं. लेबलाचं आणि कागदाचं काय ठरलं, तेही सांगितलं. त्यांनी नामदेवकडे एकदा नीट निरखून पाहिलं, जसं फळ आतून किडकं आहे का पाहतात तसं. ते लेबल आजही त्यांच्या पेट्यांवर लागतं आणि त्या अजून त्याच बगीच्यात आहेत.

मी परत आल्यावर कॅमेरा पूर्ण खोलला. लेन्स, पट्टी, स्क्रू, भाता, सगळं तपासलं. दोष काही नाही. त्याच कॅमेऱ्यानं त्यानंतर केलेल्या प्रत्येक कामात मधोमध घेतलेलं माणूस मधोमधच आलं. एक शंका माझी मलाच येते. त्या बाईबद्दल माझ्या मनात काही होतं आणि माझ्या हातांनी माझ्या नकळत ते केलं. आमच्या धंद्यात असं होतं. कधी पेन्सिल आपल्या आधी रेघ ओढते. पण मग मातीत भोकं तीनच कशी? तिथे ही शंकाही अडते. बायको म्हणते, एवढ्या याद्या करता, एखादी गोष्ट यादीबाहेर राहिली तर काय बिघडलं? माझं बिघडतं.

आणि एक गोष्ट तिलाही सांगितलेली नाही. त्या दिवशी निघताना सरूबाईंनी पुन्हा काच मागितली, डोळ्यांशी धरली आणि म्हणाल्या, "पदर वाकडा आला. अजून एक काढा ना."

मी म्हटलं, प्लेटी संपल्या.

प्लेटी संपल्या नव्हत्या. एक शिल्लक होती, होल्डरमध्ये भरलेली, तयार. आता नामदेव आणि सरूबाई दोघं आपापल्या जागी होते, विहीर मागे होती, उजेड चांगला होता, माझी घाईही नव्हती. पण या वेळीही प्लेटवर आणखी कोणासाठी जागा सोडलेली निघाली तर काय करायचं, ते मला माहीत नव्हतं. मी तिवई मिटली आणि दमणीत बसलो.