देवीच्या कोंडीतले मासे

बाणकोटला आगबोटीतून पडावात (होडीत) उतरलो तेव्हा वैशाखाचे ऊन रणरणत होते. तिथून खाडीने, मग बैलगाडीने मंडणगडाच्या बाजूला बहिणीच्या गावी पोहोचेपर्यंत अंग खिळखिळे झाले. तरी उत्साह होता. गावाबाहेर देवीच्या कोंडीत (डोहात) हातभर लांबीचे खडस मासे आहेत, त्यांना कुणी मारीत नाही, ते माणसाच्या हातून खातात, हे मेहुणे अनंतराव वर्षानुवर्षे सांगत आले होते.

जेवणात फणसाची भाजी होती, आमसुलाचे सार होते. पण अनंतराव पानातले नुसते चिवडत होते. मी माशांचा विषय काढताच ताई म्हणाली, "नको जाऊस. बघवत नाही रे."

तरी दुसऱ्या दिवशी मी आणि अनंतराव गेलो. मासे वर येऊन तोंडे उघडीत-मिटीत होते. कल्ल्यांवर पांढरट चिकटा चढला होता. एक मोठा खडस कुशीवर कलंडून नुसता गोल फिरत होता. काठावर मेलेल्यांचा ढीग, आणि देवीचा गुरव त्यांच्यासाठी खड्डा खणीत होता.

"आवंदा देवी कोपलीय वो," तो म्हणाला. "त्या गंगूनं विटाळात कोंडीचं पाणी नेलान. आज सांजच्याला गाव बसनार हाय."

गंगू ही एकटी राहणारी विधवा. तिला गावातून काढायचे घाटत होते.

मला राहवेना. अनंतरावांना घेऊन व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाने वर चालत गेलो. त्यांच्या सुपारीच्या बागेच्या वरच्या अंगाला पाण्यात बारीक मासळी सळसळत होती. बागेच्या खाली एकही नाही. तिथे दगड निळसर-हिरवे पडले होते.

"इथं काय धुता?"

"पिपं. मोरचुदाची."

गेल्या पावसाळ्यात बुरशीने कोवळी सुपारी गळून गेली, म्हणून यंदा पावसाच्या तोंडाशी त्यांनी मोरचूद आणि चुन्याचे पाणी झाडांवर मारले होते. व्हाळ आटून बोटभर झालेला. मोरचुदातले तांबे सरळ कोंडीत उतरले होते.

"हातानं भरवलंय हो मी त्यांना," अनंतराव एवढेच म्हणाले.

संध्याकाळी देवळापुढे गाव जमले. गंगू लांब, मान खाली घालून उभी होती. गुरव देवीला कौल लावणार तोच अनंतराव उठले.

"हिचा काही दोष नाही. विष माझ्या बागेतून आलं."

कुणी म्हातारा अनंतरावांकडे हात करून म्हणाला, "मुद्दाम केलानी काय भाऊंनी?" देवीपुढे नारळ फुटला आणि प्रकरण मिटले. गंगूला कुणी काही बोलले नाही. ती आपली आपणच घरी निघून गेली.

पावसाळ्यासाठी आगबोटी बंद होण्यापूर्वी मी परतलो. तोवर कोंडीत एकही मासा उरला नव्हता. पाणी मात्र तळ दिसावा इतके नितळ होते.

बोटीवर सारखे मनात येत राहिले, अनंतराव त्या संध्याकाळी घरी बसले असते तर गंगूला गाव सोडावे लागले असते, आणि मीही मेहुण्यांचे नाव झाकून, परत येऊन तुम्हांला देवीच्या कोपाचीच हकीकत सांगितली असती.