कामाला लागा

आमच्या स्टाफरूममध्ये इतिहास शिकवणारे एक सर आहेत. चहाबरोबर त्यांना खारी नसली तरी चालते, राजकारण मात्र लागतं. परवा त्यांनी विचारलं, "एकाच पक्षात तिकिटासाठी वर्षानुवर्षं चढाओढ चालली, तर पक्षाचं भलं होतं की वाटोळं?" मी नागरिकशास्त्र शिकवते, त्यामुळे असले प्रश्न माझ्याच गळ्यात पडतात. पुस्तकात याचं उत्तर नाही. आमच्या गल्लीत आहे, म्हणून मी त्यांना गल्लीच सांगितली.

भिवंडीहून ठाण्याकडे निघालं की काल्हेरपर्यंत नुसती गोदामं लागतात. त्यांच्या मागे आमचं गाव आहे, म्हणजे गोदामांनी शिल्लक ठेवलं तेवढं. माझे बाबा आणि समोरच्या घरातले काका विशीपासून एकाच पक्षात. एकाच बादलीतली खळ लावून दोघांनी भिंतींवर पोस्टरं चिकटवली. पुढे जमिनी गोदामांना गेल्या, दारात गाड्या आल्या आणि हातात रिकामा वेळ आला. गाडी आणि वेळ दोन्ही असलं की आमच्याकडच्या माणसाला पंचायत समिती दिसू लागते.

बाबा तिकीट मागायला पक्षाच्या साहेबांकडे गेले. साहेबांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "कामाला लागा." बाबा पेढे घेऊनच घरी आले, कारण आमच्याकडे या दोन शब्दांचा अर्थ तिकीट पक्कं असा होतो. आईने पेढ्यांचा डबा देऊन मला काकांकडे पाठवलं, तर काकी त्यांचा डबा घेऊन दारातच भेटल्या. साहेबांनी काकांच्याही पाठीवर हात ठेवला होता.

"ठेवतील न्हाय तर काय," आई म्हणाली. "दोन हात हायत त्यांना."

निवडणूक लवकरच व्हायची होती. ती पुढे गेली, मग आणखी पुढे गेली, मग आम्ही विचारायचंच सोडलं. नाक्यावर दोघांचे फ्लेक्स लागले, 'भावी सदस्य'. खरं तर भावी हा थोड्या दिवसांचा शब्द. नवरी भावी असते ती हळद लागेपर्यंत. बाबा आणि काका वर्षानुवर्षं भावीच राहिले. फ्लेक्सवरचे फोटोही तेच राहिले, केस काळे असतानाचे.

गावाची मात्र चंगळ झाली. बाबांनी रिक्षास्टँडवर बाकडं बसवलं की काकांनी समोर दुसरं बसवलं, पाठ टेकायच्या सोयीसकट. काकांनी डोळे तपासायचं शिबिर घेतलं, लगेच बाबांनीही घेतलं. शेजारच्या आजींकडे त्यामुळे दोन चष्मे झाले. दारात गाडी कुणाची थांबली ते आवाजावरून ओळखून त्या चष्मा बदलत. गटारं इतकी साफ कधीच नव्हती. पक्षाला एक पैसा न घालता दोन कार्यालयं मिळाली, आणि साहेब गावात आले की दुपारी आमच्याकडे जेवत, संध्याकाळी काकांकडे.

खरी लढाई हळदीत होई. आमच्याकडे हळदीपुढे लग्न म्हणजे नुसती औपचारिकता. पुढारी व्हायचं तर एका संध्याकाळी चार मांडव गाठायचे, आणि डीजेवाल्याने आपलं नाव आधी पुकारलं पाहिजे. एकदा त्याने काकांचं नाव आधी घेतलं आणि बाबा आहेर न देताच निघून आले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. पक्षाचं काम करणारी पोरंही वाटली गेली, ही आपली, ती त्यांची.

याच मांडवांत आई आणि काकी एका चटईवर बसलेल्या असत. दोघी गावच्या धवलारिणी. आमच्यात लग्नाच्या प्रत्येक विधीला धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणायला धवलारीण लागते. आई ओळ टाकते आणि तिचा श्वास संपायच्या आत काकी ती मागून धरतात. काकींचा श्वास संपतो तिथे आई असते. परक्या माणसाला वाटतं एकच बाई न थांबता गातेय. नवरे एकमेकांकडे पाठ करून उभे असताना या दोघी एकमेकींच्या श्वासावर नजर ठेवून बसत. मला लहानपणापासून त्या दोघींचा केवढा अभिमान वाटायचा.

आणि मग आरक्षणाची सोडत निघाली. आमची जागा महिलांसाठी राखीव झाली. बाबा आणि काकांचे चेहरे त्या दिवशी सख्ख्या भावांसारखे दिसत होते. पण सकाळपर्यंत नवे फ्लेक्स लागले. आईचा हळदीत गातानाचा फोटो होता, तोंड उघडं, डोळे मिटलेले. समोर काकींचा, त्याच चटईवरचा. फोटो एकच होता, मधोमध कापलेला. साहेबांनी दोन्ही घरी निरोप धाडला, "वहिनींना कामाला लावा."

"मी रिकामी कवा होते?" आईने विचारलं.

पोरांनी ठरवलं की दोन इच्छुकांनी एका चटईवर बसायचं नाही, चुकीचा मेसेज जातो. पुढच्या हळदीला काकींना दुसऱ्याच मांडवात नेलं. आईने एकटीने धवला सुरू केला. ओळीच्या शेवटी सवयीने थांबली आणि ती ओळ कुणीच धरली नाही. मांडवात कुणाचं तरी मूल रडत होतं तेवढं ऐकू आलं. आई खोकली, पाणी प्यायली, कशीबशी पुढे गेली. बाबा तेव्हा डीजेवाल्याशी बोलत होते. त्यांचा मला तेव्हा राग आला होता आणि आजही येतो.

तिकीट काकींना मिळालं. बाबा घरभर फिरले, मग आईसमोर येऊन उभे राहिले. आई जवळा निवडत होती.

"अपक्ष," बाबा म्हणाले. "आपली पोरं तयार हायत."

"उभं कोन रानार? तुमी का मी?"

"तू. पन–"

"मंग न्हाय." तिने मान वर केली नाही. "मी तिच्यासमोर उभी रायली, तर माझ्या मागं धवला कोन धरील?"

एवढ्या वर्षांच्या हळदी, एवढी बाकडी, आणि अडलं कुठे तर धवल्यावर. बाबांचा पडलेला चेहरा बघून मलाही वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी आई गल्ली ओलांडून गेली आणि काकींबरोबर प्रचाराला निघाली. दोघींना गाडी लागणार म्हणून बाबांनी आपली काढली. मत द्या असं त्यांनी एकाही दारात म्हटलं नाही, हॉर्न मात्र भरपूर वाजवला.

काकी दणक्यात निवडून आल्या. येणारच होत्या. दोन्हीकडची पोरं इतकी वर्षं घरोघरी फिरून कुणाचा गुडघा दुखतो इथपर्यंत पाठ करून बसली होती.

"म्हणजे पक्षाचं भलंच झालं की," सर म्हणाले.

पक्षाचं झालं. आईचं म्हणाल तर, जे चढाओढीने एकदाच झालं होतं ते निकालाने कायमचं झालं. काकींच्या मागे बैठका लागल्या, पाहण्या लागल्या, उद्घाटनं लागली. चटईवर आई एकटी. ओळी तोडून तोडून गायची, मध्ये पाणी प्यायची. कुणाला नावं ठेवली नाहीत, पण घरात गुणगुणायची ती बंद झाली.

नुकत्याच झालेल्या एका हळदीला काकी प्रमुख पाहुण्या होत्या. डीजेवाल्याने त्यांचं नाव पुकारलं, यजमानांनी सोफ्यावर बसवून हातात शाल आणि नारळ दिला. तेवढ्यात खाली चटईवर आईने धवला सुरू केला. ओळीच्या शेवटाला येऊन ती श्वासासाठी थांबली.

काकी उठल्या. सगळ्यात जवळ बाबा उभे होते. "भाऊजी, धरा जरा," म्हणून शाल आणि नारळ त्यांनी बाबांच्या हातात कोंबला आणि चटईवर जाऊन बसल्या. अर्धी ओळ तोवर हुकली होती. उरलेली अर्धी त्यांनी धरली.

बाबा तसेच उभे. फोटोग्राफर सत्काराचा फोटो काढायला आला होता, त्याने समोर दिसला त्याचा काढला. मांडवाच्या पलीकडून काका चालत आले, बाबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"हातात काय धरलीस? खांद्यावर घे ना ती."

बाबांनी घेतली. चटईवर आई आता निवांत श्वास घेत होती.