नत्थू ड्रेसरला पोचवायला कोण आलं

करडीचा नत्थू सोमाजी फारेनला गेला, तेव्हा त्याला घेऊन जाणारा ड्रायव्हर मी होतो. मी भोजराज, मोहाडीचा. तेव्हा करडीत लोक काय सांगतात त्यावर जाऊ नका. विमानबिमान काही नव्हतं. मिशनच्या दवाखान्याची जीप होती आणि तिचा दुसरा गिअर पडत नव्हता.

साल एकोणऐंशी. गोऱ्या डॉक्टरांची एक टोळी दर हिवाळ्यात आमच्या दवाखान्यात सेवा करायला यायची. त्या वर्षी ते वीस दिवस नेपाळातल्या एका अनाथालयात जाणार होते आणि जखमा बांधायला त्यांना हलक्या हाताचा माणूस हवा होता. नत्थूभाऊ वीस वर्षं आमच्याकडे ड्रेसर. घरी तीन एकर धान, देव्हाऱ्यात सगळे देव. पण सकाळी डॉक्टर प्रार्थनेला उभे राहिले की हाही डोळे मिटून उभा. मी विचारलं तर म्हणे, "ऐकनारा तं एकच आहे न बाप्पा! मंग उभं राहाले काय जाते?"

निघताना अर्धी करडी शिवेपर्यंत पोचवायला आली. आमच्याकडची रीतच आहे ती. घरातून निघालेल्या माणसाला एकट्याने शीव ओलांडू देत नाहीत. घरचं कोणीतरी तिथपर्यंत येतं, "येजा बरं" म्हणतं, आणि असं म्हटलं की त्या माणसाला परत यावंच लागतं. त्याची बायको आनंदाबाई शिवेवरच्या तळ्याच्या पाळीवर उभी राहून म्हणाली, "येजा बरं." बाकीच्यांनी घड्याळं आणायला सांगितली.

तीन दिवस गाडी हाकली. सरहद्दीवर शिपायाने गोऱ्यांचे कागद तासभर उलटेपालटे केले, नत्थूभाऊकडे पाहिलंसुद्धा नाही. पलीकडे बघतो तर धानाच्या बांध्या, तणसाचे ढीग, चिखलात म्हशी. नत्थूभाऊने जीपबाहेर मान काढली. मग म्हणाला, "भोजराज, हे तं करडीच आहे लेका."

अनाथालयात चाळीस पोरं. खरूज, कानातला पू, जंत. डॉक्टर तपासायचे, नत्थूभाऊ धुवायचा, बांधायचा. मी पाणी तापवायचो आणि चिडायचो, कारण मी ड्रायव्हर होतो आणि पाणी तापवणं माझं काम नव्हतं.

त्यात एक फूलमाया, आठ वर्षांची. डाव्या पावलावर हाताच्या पंजाएवढी जखम. एलसा डॉक्टरीणबाईंनी पाहिली आणि नत्थूभाऊला सरळ सांगितलं, "आम्ही पुढच्या शनिवारी निघतो. शुक्रवारपर्यंत सुधारली नाही तर हाडात जाईल. मग मोठ्या हॉस्पिटलात नेऊन पाऊल कापावं लागेल." हातात अकरा दिवस होते.

नत्थूभाऊ घाबरला नाही. त्याची एक ठरलेली युक्ती होती. पोरं ड्रेसरला भितात. म्हणून तो मोहाडी तालुक्यातल्या झाडून सगळ्या पोरांना सांगायचा, "पट्टी कोरडी ठेवशील तं जखम भरते. जखम भरली का मी चाललो माह्या गावाले. नाई भरली तं रोज येईन, ध्यानात ठेव!" तो रोज येईल या धाकाने पोरं पट्टी अशी जपायची की आयांनाही हात लावू द्यायची नाहीत. वीस वर्षांत ही युक्ती फसली नव्हती. फूलमायालाही त्याने हेच सांगितलं, त्याच्या हिंदीत, म्हणजे मराठीच्या शेवटी 'है' लावून. तिने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पट्टी ओली. तिसऱ्या दिवशी ओली, वर चिखल. नत्थूभाऊ रोज कोमट पाण्याने भिजवून अलगद पट्टी सोडवायचा, तासभर तिच्याशी बोलत बसायचा. आपल्या बैलांची नावं सांगायचा, आनंदाबाई कशी भांडते ते करून दाखवायचा. ती खुदुखुदु हसायची. आणि सकाळी पट्टी पुन्हा ओली. सहा दिवस गेले. जखमेच्या कडा काळ्या पडायला लागल्या. नत्थूभाऊचं जेवण सुटलं.

सातव्या दिवशी मी पहाटे जीप धुवायला बोअरिंगवर गेलो. तिथे ही बया नळाखालच्या चिखलात पाय खुपसून बसलेली, वरून हाताने पट्टी दाबतेय. दुखत होतं, दात आवळलेले होते, पण काम मन लावून चाललं होतं. माझं टाळकंच सटकलं. उचलली आणि आणून नत्थूभाऊसमोर ठेवली. "हे घे! तुझी पेशंट! आपल्या हाताने पाय कुजवून राहिली!"

नत्थूभाऊने विचारलं, "काहून गं माय?"

ती खाली बघत म्हणाली, "घाव भर जाएगा तो तुम चले जाओगे."

नत्थूभाऊ उठला आणि जीपमागे जाऊन बसला. मी गेलो तर रडत होता. "माहीच चूक आहे, भोजराज," म्हणाला. "आपल्या तिकडच्या पोराइले घरी माय असते. म्हनून ते मले घालवाले पाहातेत. इथं हे नाई चालत, हे मले कळाले पाह्यजे होतं." मी पाणी तापवायला गेलो.

मग त्याने तिला समोर बसवलं. "शनिवारी मी जानारच आहो," म्हणाला. "घाव भरो नाहीतं न भरो. खोटं नाई सांगत. पन आमच्याकडे मानसाले एकट्याले धाडत नाई. घरचं कोनीतरी शिवेपर्यंत पोचवाले येते. मले इथून कोन पोचवन?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. तिथे कोणीच कोणाच्या घरचं नव्हतं.

"मैं," ती म्हणाली.

"पाय नसला तं कशी येशील?"

त्या दिवसापासून पट्टी हाडासारखी कोरडी. पोरगी खाटेवरून पाय खाली ठेवेना. शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, आत लालचुटूक मांस धरलेलं. त्या देवाचे आभार मानायला लागल्या. नत्थूभाऊने नेहमीसारखे डोळे मिटले, पण त्या दिवशी आमेन झाल्यावरही उघडले नाहीत.

शनिवारी सातला निघायचं ठरलं होतं. गोरे गाडीत बसले, पोरांनी गाणं म्हटलं. फूलमाया काठी टेकत पुढे, तिच्यासोबत नत्थूभाऊ, मागून मी पहिल्या गिअरात. दोन शेतं ओलांडायला अर्धा तास. इंजिन तापलं, मीही तापलो. शिवेवर बाभळीखाली ती थांबली आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "येजा बरं."

नत्थूभाऊ गाडीत चढला आणि लगेच खाली उतरला. "पोरगी एकटी वापस कशी जाईन?" तिला खांद्यावर घेऊन तो परत दारापर्यंत गेला. दारात उतरवली तर ती पुन्हा काठी उचलून निघाली, कारण आता तो परत एकटा पडला होता! मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. नत्थूभाऊने लांबूनच मला हात जोडले. पुन्हा बाभूळ, पुन्हा "येजा बरं." शेवटी नत्थूभाऊला बाभळीखालीच ठेवून मीच तिला पुढच्या सीटवर बसवलं, दारात सोडलं आणि शिव्या घालत आलो. डोळे पुसायला गाडीतलं फडकं वापरलं, त्याला ग्रीस होतं.

करडीत घड्याळांवरून बोंब झाली. माणूस फारेनला जातो आणि रिकाम्या हाताने येतो! आनंदाबाईने मात्र एवढंच विचारलं, "तिथं पोचवाले कोन आलं होतं?"

"एक पोरगी."

"शिवेपर्यंत?"

"दोनदा."

आनंदाबाईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मंग जा लागते न परत."

पुढच्या माघात तो गेला. रेल्वेने, स्वतःची रजा टाकून, डोक्यावर चिन्नोर तांदळाची पिशवी. या खेपेला डॉक्टर नव्हते, जीप नव्हती. पट्ट्यांची पेटी त्याने घरीच ठेवली होती. जखम भरून वर्ष झालं होतं.