डोळ्यांत धरून आणलेला डाळिंबी

बीबी गावची माझी आत्या पुण्यात खरेदीला निघाली की अर्धा रस्ता डोळे मिटून चालायची. आधी एखाद्या काचेच्या बुटीकमध्ये शिरून मनाजोगता रंग बघायचा, पापण्या गच्च मिटायच्या आणि तो रंग रविवार पेठेतल्या कापडबाजारापर्यंत तसाच न्यायचा. आंधळी समजून पोलीस तिच्यासाठी गाड्या थांबवत. हात धरून नेणारा मी. तोंड उघडलं की दटावायची, "बोलू नको बे, रंग सांडल." एकदा सांडलाच. लक्ष्मी रस्त्यावरचं एक पांढरं कुत्रं तेव्हापासून मोरपंखी आहे. हे मी बीबीत कितीदा तरी सांगितलं, पण आजवर कोणी पुण्याला जाऊन खात्री केलेली नाही.

फोनवर फोटो काढू का, विचारलं तर म्हणायची, "फोनातला रंग फोनवाल्याचा असते."

बुटीकमधल्या गारठ्यात ती कानांवरून पदर घ्यायची. "कापडाले सर्दी होईल ना, पोरी," असं तिथल्या मुलीलाच सुनवायची. मुलगी विचारायची, "काकू, काय दाखवू?"

"काही नको दाखवू. मी पाहून राह्यली."

घ्यायचं मात्र बाजारात, कारण तिथं गादीवर मांडी ठोकून भांडता येतं. गावातल्या प्रत्येक लग्नाचा बस्ता, म्हणजे दोन्ही घरांनी मिळून करायची कापडखरेदी, तिच्याच भरवशावर असे. त्या धास्तीनं आठवडाभर आधीपासून तिला घास गिळवत नसे. "बस्ता चुकला तर पोरीले जन्मभर ऐकावं लागते," म्हणायची.

माझ्या बहिणीच्या, नंदाच्या बस्त्याला वरमाय जातीनं आली होती. पदराच्या काठावरून तिनं थोरल्या मुलाची सोयरीक मोडली होती म्हणे. नवरदेवाचा फेटा डाळिंबी ठरला होता, शालूही तसाच हवा होता. नंदा आणि वरमाय बाजारात पुढं जाऊन बसल्या. आत्या बुटीकमधून डाळिंबी घेऊन निघाली. वाटेत तिचा तळहात घामानं निसटायला लागला. मिटल्या डोळ्यांनीच तिनं हळूच विचारलं, "डाळिंबीच होता ना रे तो?"

असं तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं.

दुकानदारानं गादीवर शालूंचा सातपुडा रचला. आत्यानं डोळे उघडले, हात घातला आणि एक शालू ओढून काढला. "हा घ्या. अस्सल डाळिंबी."

तो चॉकलेटी होता. धडधडीत चॉकलेटी. दुकानदार खोकला. वरमायच्या कपाळावर आठी चढली आणि मला लग्नाचा मांडव कोसळताना दिसला. तेवढ्यात नंदानं शालू खांद्यावर टाकला. "आत्या, काय रंग आणला वं. डाळिंबीच."

वरमायनं नंदाकडं पाहिलं. मग आत्याच्या डोळ्यांकडं, बराच वेळ. तिथं बुबुळावर साय धरली होती. दुकानदाराला म्हणाली, "बांधा."

लग्नात नवरदेव चॉकलेटी फेट्यात गुळाच्या ढेपेसारखा दिसला.

पुढं आत्याचे मोतीबिंदू काढले. पट्टी सुटल्यावर तिनं आधी लग्नाचे फोटो मागितले. आम्ही देईना, तर स्वतःच शोधून काढले. वरमाय तिला भेटायला आली होती, शेजारीच मोसंबी सोलत होती.

"काऊन बे," आत्या माझ्यावर कडाडली, "मी डाळिंबी निवडला होता. हा कोणं बदलला?"

नंदा खिडकीबाहेर पाहू लागली. माझ्यासारख्या थापाड्यालाही ऐन वेळी थाप सुचेना.

"मीच बदलला," वरमाय मोसंबीवरची नजर न हलवता म्हणाली.

"तरीच," आत्या म्हणाली. "रंगातलं काही कळत नाही तुमाले, विहीणबाई."

पुढं मरेपर्यंत, भेटेल तिथं, चारचौघांत, आत्यानं विहिणीला हा टोमणा मारला. आणि जिच्यापुढं नंदाचं अख्खं सासर चळाचळा कापायचं ती बाई दरवेळी मान खाली घालून म्हणायची, "हो ना, चुकलंच माझं."