जवळ कोणी बसलं असताना
ओल्या चुन्याचा वास आला की मला अमरावतीतली ती खोली आठवते. कॉलेज सुरू होऊन आठवडा झाला होता, मी रोज भातकुलीकडून एसटीने येत होते, आणि आडनाव ऐकून तीन घरांनी मला परत पाठवलं होतं. चौथ्या घरच्या काकूंना मी खऱ्या आडनावाऐवजी गावाच्या नावाला 'कर' लावून सांगितलं. तसं आडनाव शेतकरी घरांतही असतं आणि आमच्या बौद्ध घरांतही. काकू खूश झाल्या. "म्हणजे आपल्यातलीच हाये तू! मंग राह्य ना. आमी कोणालेही ठेवत नाई बाप्पा, घरात देव हायेत." खोली नुकतीच चुन्याने रंगवलेली होती. काकूंनी तिथेच चहा आणला आणि समोर बसल्या. तेवढ्यात बाबांचा फोन आला. मी तो कानाशी घट्ट धरला. "जय भीम, माय," बाबा नेहमीसारखे म्हणाले. रोज मीही तेच म्हणायचे. त्या दिवशी मी म्हणाले, "हॅलो." मग बाबांनी हळू आवाजात विचारलं, "कोणी बसून हाये काय वो जवळ?" मी म्हटलं, "हो." "खोली भेटली ना पण?" "हो." "बरं झालं. ठेवतो मंग." काकूंनी कपात आणखी चहा ओतला, तो मी प्यायले. तिथे मी दोन वर्षं राहिले. आता होस्टेलला आहे, इथे मला कोणी काही विचारत नाही. बाबा मात्र त्या दिवसापासून फोनवर मला "हॅलो"च म्हणतात.