कोच डीटरने खाल्लेले गोल

कोच डीटर गेल्याचं मला टीमच्या ग्रुपवर कळलं. मी तेव्हा अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावात सॉकर मैदानाशेजारी गाडीच्या डिकीत पाण्याच्या बाटल्या रचत होते. झोपेतच हृदयविकाराचा झटका. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की या माणसाबद्दल खरं काय ते आता कधीच कळणार नाही. दुसरा विचार इराचा. इरा माझी मुलगी. त्याच्याच हाताखाली ती गोलकीपर झाली. आता ती कॉलेजात आहे, आणि शनिवारी सकाळी तो छोट्या मुलींचा वर्ग घ्यायचा, तिथे त्याला मदत करायची.

मुलींच्या टीमची मॅनेजर मी. म्हणजे वेळापत्रक, गणवेश, खाऊच्या पाळ्या आणि नव्या कोचची कागदपत्रं. डीटरची कागदपत्रं माझ्याच हाताखालून गेली. जर्मनीत दुसऱ्या श्रेणीच्या क्लबचा गोलकीपर, मग काही वर्षं काहीच नाही, मग अमेरिकेतल्या एका कॉलेजात असिस्टंट कोच, आणि तिथून थेट आमचं गाव. मधली रिकामी वर्षं मला खटकली. ऑफिसात मी माणसं नेमते, फट दिसली की विचारते. इथेही विचारलं. "त्या वर्षांत मी चेंडूकडे बघितलंच नाही," तो म्हणाला. बस, एवढंच. इंटरनेटवर एक धूसर टीम फोटो सापडला. मागच्या रांगेतला उंच माणूस तो असेलही, नसेलही. एवढा मोठा खेळाडू होता, तर आमच्या मुलींना डाइव्ह मारायला शिकवत का बसला होता? माझा नवरा मंदार म्हणायचा, "अगं, कोच आहे तो, जावई नाही. किती चौकशी करशील?"

शिकवायचा मात्र छान, हे मान्य. कधी ओरडायचा नाही. इरा मैदानातून "आई, पाणी!" अशी हाक मारायची, त्यामुळे आई हे माझं नाव आहे असा त्याचा समज झाला. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा, सहा फुटांहून उंच जर्मन माणूस दर शनिवारी मला "गुड मॉर्निंग, आई" म्हणायचा, आणि बाकीच्या मराठी आया तोंड फिरवून हसायच्या.

इरा बारा वर्षांची असताना एका फायनलमध्ये अगदी साधा, घरंगळत आलेला चेंडू तिच्या पायांमधून गेला आणि आम्ही हरलो. ती गाडीत जाऊन बसली. "आय अ‍ॅम डन, आई. परत कधीच नाही." डीटर आला, त्याने गाडीचं दार उघडलं आणि तिथेच फुटपाथच्या कडेला बसला. "माझ्याही पायांमधून गेला होता," तो म्हणाला, "असाच. भरलेल्या स्टेडियमसमोर. त्यानंतर क्लबने मला काढून टाकलं." इराने डोळे पुसत विचारलं, "रिअली?" त्याने मान डोलावली. पुढच्या सरावाला ती गेली. मला मात्र ते सगळं फार सोयीचं वाटलं. मी विचारलंच, "कुठली मॅच?" तो म्हणाला, "आई, तीच तर मी विसरायचा प्रयत्न करतोय."

स्मरणसभा शाळेच्या जिममध्ये झाली. खुर्च्या, कॉफी, बोलणाऱ्यांचा क्रम, सगळं मीच लावलं होतं. त्याच्या जुन्या गोलकीपर मुली एकेक करून उठल्या. पहिली एकदा गोल सोडून फार पुढे धावली होती आणि चेंडू तिच्या डोक्यावरून गेला होता. कोचने तिला सांगितलं होतं, माझंही असंच झालं, त्याच गोलने माझं करिअर संपलं. दुसरीने चुकून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात फेकला होता. त्यानेही फेकला होता म्हणे, आणि त्याचं करिअर त्या गोलनेही संपलं होतं! तिसरीच्या वेळी लोक हसायला लागले. इरा हसली नाही. तिची पाळी आली तेव्हा ती उठलीच नाही…

जर्मनीहून त्याची बहीण आली होती. कॉफीच्या टेबलापाशी मी तिला गाठलं. "यातला खरा गोल कुठला?"

तिने शांतपणे साखर ढवळली. "सगळे. तो फारसा चांगला गोलकीपर नव्हता."

चेहरा अगदी भावासारखा. त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

गाडीत इरा म्हणाली, "कोच लाइड टू मी. तुला माहीत होतं ना?"

"संशय होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू परत खेळायला लागली होतीस."

शनिवारचा वर्ग आता इराने चालवावा, असं क्लबचं म्हणणं होतं. ती म्हणाली, "शनिवारी जाऊन सामानाच्या शेडची किल्ली परत देते. दॅट्स इट. रडणाऱ्या मुलींना असल्या खोट्या गोष्टी मी नाही सांगू शकत." इतकी वर्षं मीही मनातल्या मनात तेच म्हणत होते.

शनिवारी मी तिच्याबरोबर गेले. किल्ली घ्यायला क्लबचं कोणी आलेलं नव्हतं, मुली मात्र आल्या होत्या. इराने नाइलाजाने सराव सुरू केला. थोड्या वेळाने सईच्या हातातून चेंडू निसटून जाळ्यात गेला. सई आठ वर्षांची, तिचे आईवडील गेल्याच वर्षी पुण्याहून आलेत. ती चिखलात बसली ती उठेचना. इराने जाळ्यातला चेंडू काढून आणला. मग तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"माझ्याही हातातून निसटला होता. सेम टू सेम. हायस्कूलची शेवटची मॅच, सगळे बघत होते."

इराची प्रत्येक मॅच मी पाहिली आहे. हायस्कूलची शेवटची मॅच ती एकही गोल न खाता जिंकली होती. सईलाही शंका आली असावी. तिने माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, खरंच?"

इराही माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणाले. "मी तिथेच होते ना."

सई उठली, तिने हातमोजे पँटला पुसले आणि पुन्हा गोलमध्ये उभी राहिली. इराने पुढचा चेंडू उचलला. किल्लीबद्दल मी काही विचारलं नाही.